खत जास्त झालेल्या झुडपाला कसं सावरायचं

मोगऱ्याची छाटणी झाली, फेब्रुवारीत नवी फूट दिसू लागली, की हात खताच्या डब्याकडे जातो. चमचाभर पुरलं असतं तिथे मूठभर पडतं. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होतात, बोटांत घेतल्या की कुरकुरतात, आणि माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. कामिनी, अनंत, एक्झोरा, तगर, क्रोटन, जास्वंद, कढीपत्ता, सोसायटीच्या कुंपणाला लावलेला डुरांटा अशा बारमाही हिरव्या झुडपांचं खताने होणारं नुकसान साधारण असंच दिसतं. यातली बरीच झाडं वाचवता येतात. मात्र उपचार मातीत करायचा असतो. पानांवर काहीही फवारून उपयोग होत नाही.

आधी आत काय घडतं ते पाहू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच ठरते. रासायनिक खत पाण्यात विरघळलं की मातीतल्या पाण्यात क्षार वाढतात. मुळाच्या आतल्या रसापेक्षा बाहेरचं पाणी जास्त खारट झालं की मुळाला पाणी ओढता येत नाही. क्षार फारच वाढले तर उलट मुळातलंच पाणी बाहेर खेचलं जातं. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच. म्हणून भरपूर पाणी घातलेलं झाडही तहानेने सुकल्यासारखं दिसतं. जे क्षार पाण्याबरोबर वर चढतात ते पानाच्या टोकाशी आणि कडेला साचतात, कारण पाणी तिथून उडून जातं आणि क्षार मागे राहतात. करपणं टोकापासून सुरू होतं ते यामुळे.

युरियाचा त्रास आणखी एका वाटेने होतो. युरियात 46 टक्के नत्र असतं. मातीत पडल्यावर काही दिवसांत त्याचं अमोनियममध्ये रूपांतर होतं, आणि एका जागी ढीग पडला असेल तर तिथे अमोनिया वायू तयार होऊन कोवळी मुळं जळतात. ताजं कोंबडखत, न कुजलेलं शेण आणि कुंडीत ओंजळभर टाकलेली पेंडही याच वाटेने मुळांना इजा करतात. ‘सेंद्रिय आहे, कितीही घातलं तरी चालतं’ हा समज कितीतरी कुंड्या रिकाम्या करतो.

खतच आहे ना, याची खात्री

करपलेलं एक पान हातात घ्या. खतामुळे करपलेल्या भागाची सीमा स्पष्ट असते: टोक आणि कडा कोरड्या, तपकिरी, मधला भाग अजून हिरवा, आणि दोन्हींच्या मध्ये कधीकधी पिवळी बारीक रेघ. बहुधा आधी खालची, जुनी पानं जातात. डोस फार मोठा असेल तर कोवळे शेंडेही दोन दिवसांत काळे पडून लोंबतात. कुंडीच्या काठावर, मातीच्या वर किंवा तळाच्या भोकाशी पांढरा-पिवळसर थर दिसला तर शंका पक्की होते.

मग मुळं पाहा. कुंडी आडवी करून मातीचा गोळा हळूच अर्धा बाहेर काढा. निरोगी मुळांची टोकं पांढरी आणि ताठ असतात. खताने जळलेली टोकं आक्रसलेली आणि काळपट असतात, जळक्या वातीच्या टोकासारखी. त्यांना वास नसतो. मुळाला कुजका वास येत असेल, आणि चिमटीत ओढल्यावर वरची साल निघून आत दोऱ्यासारखा गाभा राहत असेल, तर ती मूळकूज आहे. तिथे पुढे सांगितलेली मातीची धुलाई केली तर झाड नक्की जाईल.

आणखी तीन गोष्टींशी गफलत होते. फक्त उन्हाकडच्या बाजूची पानं मधोमध पांढुरकी, तपकिरी झाली असतील तर ऊन लागलंय. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची कमतरता. अनंत आणि एक्झोराला जड पाण्यामुळे ती वरचेवर होते. आणि खत दिलेलंच नसताना कडा करपत असतील तर बोअरचं पाणी तपासा, कारण त्यातले क्षारही महिन्यामागून महिने कुंडीत साचत जातात. या शेवटच्या बाबतीत उपाय बराचसा इथलाच लागू पडतो, फक्त पाणी बदलावं लागतं.

पहिला दिवस

पाणी घालण्याआधी खत उचला. ही पायरी घाईत राहून जाते आणि मग न विरघळलेले दाणेही आपणच पाण्याबरोबर मुळापर्यंत पोहोचवतो. खुरप्याने वरची 2 ते 3 सेंटिमीटर माती अलगद खरवडून काढा. बुंध्याला टेकून पडलेले दाणे, फांद्यांच्या बेचक्यात अडकलेले दाणे जुन्या टूथब्रशने झाडून घ्या. डीएपीचे, म्हणजे नत्र आणि स्फुरद असलेल्या दाणेदार खताचे, न विरघळलेले दाणे दिसत असतील तर आठवड्यानंतरही ते वेचून काढण्यात अर्थ आहे. शेणखत, कोंबडखत किंवा पेंड असेल तर जिथवर तो थर आहे तिथवर सगळी माती काढा, मग ती 5 सेंटिमीटर असली तरी चालेल. उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच साधी माती पसरा.

काढलेली माती गाई-शेळ्या फिरतात तिथे टाकू नका. युरिया पोटात गेला तर जनावर दगावतं. ती मोठ्या जागेवर पातळ पसरून टाकली की निर्धोक होते.

खत पानांवर पडलं असेल, किंवा विद्राव्य खताची फवारणी जास्त कडक झाली असेल, तर पानं दोन्ही बाजूंनी साध्या पाण्याने लगेच धुवा. फवारणीचं पाणी पानावर वाळण्याच्या आत धुतलं तर नुकसान फार कमी होतं. दुसऱ्या दिवशी धुऊन फारसं हाती लागत नाही.

झाड कुंडीत असेल तर सावलीत हलवा, जमिनीत असेल तर चार काठ्या रोवून वर 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा. मुळं अर्धी निकामी झालेली असताना पानांतून उडणारं पाणी कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. आपल्याकडच्या उन्हात तिच्या आत झाड उकडतं.

कुंडीतली माती धुणं

हा उपचाराचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

पाणी किती लागेल? कुंडीत जेवढी माती मावते त्याच्या दुप्पट. बारा इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती मावते, म्हणजे 30 लिटर पाणी, दोन बादल्या. ऐकायला खूप वाटतं, पण एक-दोन तांब्यांनी काहीच होत नाही. उलट क्षार विरघळून तिथेच मुळांभोवती राहतात आणि करपणं वाढतं.

कोणतं पाणी? नळाचं चालेल. साठवलेलं पावसाचं सर्वांत उत्तम. बोअरचं पाणी खारट असेल तर त्याने धुऊन माती त्या पाण्याइतकीच खारट राहील, त्याखाली जाणार नाही. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी अजिबात वापरू नका, त्यात मूळ पाण्यातलेच क्षार दाट झालेले असतात. एसीच्या नळीतून येणारं पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असतं. ते साठवून शेवटच्या बादलीसाठी ठेवलं तर चांगलाच उपयोग होतो.

आता कृती. कुंडी दोन विटांवर ठेवा, खालची ताटली काढून टाका. तळाची भोकं काडी घालून मोकळी करा. मुळांनी किंवा खापरीने ती बंद झालेली असतात आणि मग पाणी वरच तुंबतं. नर्सरीतून आलेल्या झाडांचा लाल मातीचा गोळा वाळला की विटेसारखा घट्ट होतो. त्यावर ओतलेलं पाणी गोळा आणि कुंडी यांच्यातल्या फटीतून सरळ खाली जातं. खालून पाणी निघालं म्हणून आपण समाधान मानतो, पण गोळ्याच्या आत थेंबही शिरलेला नसतो. अशा वेळी आधी एक-दोन लिटर पाणी झारीने हळूहळू देऊन अर्धा तास थांबा, मग छत्रीच्या तारेसारख्या बारीक सळीने गोळ्यात सात-आठ ठिकाणी उभी भोकं पाडा. सळी अडली की जोर लावू नका, जागा बदला. तिथे मूळ असतं.

यानंतर 10 लिटर पाणी झारीने सगळ्या पृष्ठभागावर सारखं, संथपणे ओता. अर्धा तास थांबा. या वेळात ढेकळांच्या आतले क्षार बाहेरच्या पाण्यात उतरतात. मग दुसरे 10 लिटर, पुन्हा अर्धा तास, मग उरलेले. एकदम 30 लिटर ओतलं तर पाणी वाटा शोधून निघून जातं, आणि क्षार तिथेच राहतात. खालून निघालेलं पाणी ताटलीत साचू देऊ नका, आणि शेजारच्या कुंडीतही जाऊ देऊ नका. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर ते तिकडे वळवू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम इतकीच आहे, आणि खताचं धुवण त्यात भर घालतं.

युरिया असेल तर घाई का हवी तेही सांगतो. युरिया जसाच्या तसा असतो तोवर मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, तो पाण्याबरोबर सहज वाहून जातो. त्याचं अमोनियम झालं की चिकण माती त्याला पकडून ठेवते. शिवाय आपल्याकडे 2015 पासून मिळणारा युरिया निंबोळी तेलाचं आवरण असलेला असतो, त्यामुळे अमोनियमचं नायट्रेट व्हायला आणखी उशीर लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत धुतलं तर बरंचसं खत जातं. दहाव्या दिवशी धुवायला घेतलं तर एकदा धुऊन भागत नाही. स्फुरदाचं उलट. डीएपीतलं स्फुरद मातीला चिकटून बसतं, ते धुऊन जात नाही. ते फार झालं तर पुढे लोह आणि जस्त मिळेनासं होऊन नवी पानं पिवळी येतात, म्हणून तिथे दाणे वेचणं आणि वरची माती बदलणं जास्त कामाचं.

धुतल्यानंतर माती वरून 3-4 सेंटिमीटर कोरडी होईपर्यंत पाणी देऊ नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून पाहा. साधारण तीन ते पाच दिवस लागतात. मग पुन्हा एकदा, या वेळी निम्म्या पाण्याने धुवा. बहुतेक कुंड्यांना एवढं पुरतं. जखमी मुळं सतत चिखलात राहिली तर कुजतात, त्यामुळे रोज थोडं थोडं धुण्यापेक्षा एकदा नीट धुऊन वाळू देणं चांगलं.

मोजून पाहायचं असेल तर

पाण्याचं टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेनसारखा मीटर असेल तर अंदाजाने चालावं लागत नाही. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, निथळू द्या, अर्धा-पाऊण तास थांबा. मग कुंडीखाली स्वच्छ बशी ठेवून वरून पेलाभर पाणी सगळीकडे शिंपडा आणि बशीत आलेलं पहिलं 50 मिलिलिटर मोजा. वाचन 750 पीपीएमच्या आत असेल तर झुडपांसाठी ठीक. 1500 च्या वर असेल तर अजून धुवायला हवं. 2500 च्या पुढे मुळं जळत असतात. वापरलेल्या पाण्याचं स्वतःचं वाचनही घेऊन ठेवा, त्यापेक्षा खाली जाण्याची अपेक्षा करू नका.

एक फसगत लक्षात ठेवा: नुकताच पडलेला युरिया या मीटरला दिसत नाही. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते यावर चालतो, आणि युरिया विरघळला तरी वीज वाहून नेत नाही. पहिल्या दिवशी वाचन 400 दाखवतं, आपण निश्चिंत होतो, आणि आठवड्याने त्याचं अमोनियम आणि नायट्रेट झाल्यावर तेच वाचन चढतं. युरियाच्या बाबतीत मीटर काहीही म्हणो, धुवायचंच.

जमिनीतली झुडपं आणि कुंपण

बुंध्याभोवती फांद्यांच्या घेराएवढं आळं करा, कडेला वीतभर उंच मातीचा वरंबा घाला. जमिनीतल्या क्षारांचा ढोबळ हिशेब असा: 15 सेंटिमीटर उंचीचं पाणी मुरलं तर वरच्या थरातले सुमारे निम्मे क्षार खाली जातात, 30 सेंटिमीटर मुरलं तर सुमारे 80 टक्के. एक चौरस मीटरच्या आळ्याला 15 सेंटिमीटर म्हणजे 150 लिटर. हे तीन-चार दिवसांत विभागून द्या, आधीचं पाणी पूर्ण मुरल्यावरच पुढचं.

कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी भराभर मुरतं, तिथे हे सोपं आहे. उतारावर मात्र आळं खालच्या बाजूने भक्कम करावं लागतं. देशावरच्या काळ्या मातीत सावध राहा. आधी झाडापासून हातभर लांब 30 सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्याने भरा. चोवीस तासांतही तो रिकामा झाला नाही तर आळं भरून धुण्याच्या फंदात पडू नका, मुळं गुदमरतील. अशा ठिकाणी वरची 5 ते 7 सेंटिमीटर माती काढून नवी घाला, उताराच्या बाजूला वीतभर खोल चर काढा आणि थोडं थोडं पाणी देऊन क्षार त्या चराकडे सरकू द्या. पावसाळा महिन्याभरावर असेल तर एवढं करून थांबलेलं बरं. जून-जुलैचा पाऊस हे काम कोणत्याही नळापेक्षा चांगलं करतो.

कुंपणात सहसा सगळी ओळ जळत नाही. खताची पाटी जिथे रिकामी झाली तिथली चार-पाच झाडं जातात. त्यांच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन झाडं आज हिरवी दिसली तरी धुवा, मुळं एकमेकांत गेलेली असतात.

काय करू नये

जिप्सम टाका, असा सल्ला हमखास मिळतो. जिप्सम सोडियमने बिघडलेल्या, चोपण जमिनीसाठी आहे. जादा युरिया किंवा पोटॅशवर त्याचा काही परिणाम होत नाही. चुना आणि चुलीची राख तर या वेळी घातकच. मातीत अमोनियम असताना त्यात अल्कधर्मी पदार्थ पडला की अमोनिया वायू सुटतो आणि वाचलेली मुळंही जळतात.

पानं पिवळी दिसतात म्हणून एप्सम सॉल्ट देतात. तोही एक क्षारच आहे. जीवामृत, गांडूळपाणी, समुद्री शेवाळाचं टॉनिक, केळीच्या सालीचं पाणी, मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी, यातलं काहीही पुढचे दोन-तीन महिने नको. आजारी झाडाला काहीतरी पौष्टिक द्यावं ही भावना समजण्यासारखी आहे, पण या झाडाचं दुखणं अतिखाण्याचंच आहे. त्याला लागतं ते स्वच्छ पाणी, हवा खेळती असलेली माती आणि सावली.

आणि कात्री बाजूला ठेवा. याबद्दल आमचं मत ठाम आहे. अर्धं करपलेलं पान अर्धं हिरवं असतं, आणि तो हिरवा अर्धा भाग झाडासाठी अन्न तयार करत असतो. पानगळीच्या झाडांसारखी एकदम सगळी पानं टाकून नव्याने फुटायची सवय सदाहरित झुडपांना नसते. त्यांच्या साठ्याचा मोठा भाग पानांतच असतो. कुरूप दिसतात म्हणून पानं ओरबाडली तर तेवढा साठा गेला. पूर्ण वाळलेली पानं आपोआप गळतात, गळलेली उचला. कळ्या मात्र खुडा. मोगरा आणि जास्वंद अशा अवस्थेतही फुलायचा प्रयत्न करतात आणि त्यात उरलेली ताकद घालवतात.

कढीपत्त्याची पानं फोडणीसाठी तोडणं या काळात बंद. तो अगदी ओका-बोका झाला तरी टाकून देऊ नका, बुंध्याच्या आसपास मुळावरून नवे फुटवे येऊ शकतात.

पुढचे दोन महिने

पाणी सकाळी, आणि बोटाने तपासूनच. निम्मी मुळं गेलेलं झाड पूर्वीइतकं पाणी पीत नाही, म्हणून पूर्वीच्या सवयीने रोज पाणी देणं इथे महागात पडतं. अगदी कोरडंही पडू देऊ नका, कारण माती वाळली की उरलेले क्षार दाट होऊन पुन्हा जाळतात. वाळलेल्या पाल्याचं 5 सेंटिमीटर आच्छादन घाला, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून.

साधारण दोन-तीन आठवड्यांत नवी पांढरी मुळं फुटू लागतात. वरून तेव्हा काहीच दिसत नाही, आणि नेमकं याच वेळी लोक धीर सोडतात. चार ते आठ आठवड्यांत पानांच्या बेचक्यात डोळे फुगतात. नवं पान स्वच्छ कडांचं आलं की समजा, माती सावरली. नव्या पानाचंही टोक करपलं तर मातीत क्षार आहेत, पुन्हा धुवा. जुनी करपलेली कडा पुन्हा हिरवी होणार नाही, तिच्याकडे पाहून अंदाज बांधू नका.

फांदी जिवंत आहे का हे नखाने कळतं. साल जरा खरवडा: आत हिरवं, ओलसर असेल तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर चार बोटं खाली पुन्हा खरवडा. शेंड्याकडून बुंध्याकडे येत जिथे हिरवं लागतं तिथे नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी, ठिपक्याखाली डोळे फुटल्यावर, त्याच्या वर कापा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको. कण्हेर असेल तर हातमोजे घालून कापा, चीक अंगाला आणि डोळ्यांना लागू देऊ नका, आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका.

सगळी झुडपं सारखी सावरत नाहीत. कण्हेर आणि बोगनवेल क्षार बऱ्यापैकी सोसतात. जास्वंद भरभर उठते. क्रोटन पानं टाकून घाबरवतो, पण खोड हिरवं असेल तर फुटतो. मोगरा बुंध्यापासून नव्याने येऊ शकतो. कामिनी संथ आहे, तिला पूर्ण हंगाम द्या. अनंत आणि एक्झोरा सर्वांत नाजूक: जड पाण्याने धुतल्यावर त्यांची नवी पानं शिरांमध्ये पिवळी येतात. तेव्हाही घाई नको. मुळं कामाला लागल्यावर, म्हणजे दोन नव्या पानजोड्या आल्यावर, जड पाण्यातही टिकणारं ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने द्या.

कुंडी बदलायची वेळ

धुऊनही पाणी तुंबून राहत असेल, वाचन उतरत नसेल, किंवा मातीत हळूहळू विरघळणाऱ्या आवरणाच्या खताच्या गोळ्या मिसळलेल्या असतील, तर माती बदलावीच लागते. या गोळ्या धुतल्या तरी पुढे कित्येक आठवडे खत सोडत राहतात, आणि उन्हाळ्यात जास्त वेगाने. एप्रिल-मेमध्ये दुपारी हे काम करू नका. संध्याकाळी करा, आणि थांबता येत असेल तर मृगाच्या पावसापर्यंत थांबा.

गोळा बादलीत बुडवून माती सैल करा, मुळं झटकू नका. काळी, मऊ टोकं स्वच्छ कात्रीने काढा, कडक तपकिरी मुळं ठेवा. नवं मिश्रण चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग जाड वाळू किंवा परलाइट. त्यात खत नाही, गांडूळखतही नाही. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असू शकतं आणि तेच नव्या मुळांना लागतं. कुंडी आधीच्याच मापाची घ्या. मोठ्या कुंडीतली रिकामी माती ओली राहून मुळं कुजवते.

पुन्हा खत कधी, किती

नवी पानं पूर्ण आकाराची होऊन गडद आणि टणक झाल्याशिवाय नाही. म्हणजे किमान दोन-तीन महिने. मग 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) सारखं विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम. सपाट छोट्या चमच्यात साधारण 5 ग्रॅम मावतं, तेव्हा 10 लिटरच्या बादलीला एकच सपाट चमचा, शिगोशीग नाही. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर वजन करून घ्या. आदल्या दिवशी साधं पाणी द्या, कोरड्या मातीत खताचं पाणी ओतू नका. बारा इंची कुंडीला एक लिटर, कुंडीच्या कडेने गोल फिरवत, बुंध्यापासून लांब. पंधरा दिवस शेंड्याच्या पानांची टोकं पाहत राहा. ती हिरवी राहिली तर पुढच्या वेळी लिटरला एक ग्रॅम, आणि दर तिसऱ्या-चौथ्या पाण्याला खालून निथळेल इतकं साधं पाणी.